‘मला सोडवा’ असे बाबा म्हणतात तेव्हा

अतिदक्षता विभागाविषयी गेल्या अंकात लिहिल्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे. ज्याचा आजार बरा होणार नाही हे डॉक्टरांनी सांगून टाकले आहे आणि जो स्वतःच मरण मागतो आहे, त्याला मरणासाठी मदत करावी की करू नये? त्यांतली चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला आहे. केमो झेपेना म्हणून डॉक्टरांनी ती थांबवली. मी लग्नानंतर डोंबिवलीला असते, पण गेले दोन महिने गिरगावात माहेरीच आहे. बाबा रात्री दोन-तीन वाजता उठून बसतात, उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकतात आणि म्हणतात, ‘मला सोडवा आता.’ डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या आणलेल्याही आहेत; पण भाऊ म्हणतो, ती अफू आहे, बाबांना सवय लागेल. तोच भाऊ आता म्हणतो की परदेशात इंजेक्शन देतात, तसे आपणही डॉक्टरांना विचारू. आई कानांवर हात ठेवते. असे विचारणे पाप आहे का?

उत्तर : ताई, पापपुण्याचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण मला तुमच्या पत्रातली उशी आधी दिसली. स्वादुपिंड पोटाच्या मागच्या बाजूला, पाठीच्या कण्यापुढे असते. तिथल्या गाठीने भोवतालच्या नसा वेढल्या की दुखणे पाठीत शिरते, उताणे झोपले की वाढते आणि पुढे वाकले की थोडे सैल पडते. रात्री दोन वाजता तुमचे वडील जे करतात, तो त्यांच्या शरीराने शोधून काढलेला उपाय आहे, कारण खरे औषध कपाटात पडून आहे.

मॉर्फिन अफूपासून मिळते हे तुमच्या भावाचे म्हणणे खरे आहे. परंतु कर्करोगाच्या वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होईल ही भीती अनाठायी आहे, आणि ज्याच्या हातात काही आठवडे किंवा महिने उरले आहेत त्याच्या बाबतीत ती भीती बाळगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणून ती ‘दुखले तर’ द्यायची नसते, घड्याळ बघून द्यायची असते. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ होऊ शकते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्या. तेवढ्याने भागले नाही तर पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ती वेदना बधिर करण्याचा उपायही आहे, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात तो विशेष उपयोगी पडतो. परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे उपशामक उपचारांचा, स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारे ठिकाण, आणि तिथे पैसे घेत नाहीत. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार अवघड होऊन बसले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली ती तुमच्या वडिलांसारख्या रुग्णांपर्यंत हे औषध पोहोचावे म्हणूनच. ते आज रात्रीच द्यायला सुरुवात करा. डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात असेल तर तिच्यावरची वेळ आणि मात्रा बघा, शंका असेल तर सकाळची वाट न पाहता त्यांना फोन करा.

आता इंजेक्शनविषयी. भारतात कोणत्याही डॉक्टरला, रुग्णाने स्वतः मागितले तरी, मरणाचे इंजेक्शन देता येत नाही. रुग्णाच्या संमतीने दिले तरी तो सदोष मनुष्यवध ठरतो. मरण्यासाठी गोळ्या आणून देणे हे आत्महत्येला साहाय्य ठरते. तुमचे विचारणे हा गुन्हा नाही आणि माझ्या मते पापही नाही. ज्या मुलीने दोन महिने रात्री जागून काढल्या आहेत, तिच्या मनात ‘बाबा आता सुटावेत’ असे आले तर त्यात मायाच आहे.

पण ‘सोडवा’ म्हणजे कशातून सोडवा, हे त्यांना कोणी विचारले आहे का? लालबागच्या एका चाळीत मी एका निवृत्त गिरणी कामगाराला तपासायला जात असे. ते रोज हेच म्हणत. एका दुपारी घरातली सगळी माणसे बाहेर गॅलरीत असताना मी खाटेवर टेकून विचारले, ‘आजोबा, कशातून सोडवू?’ बराच वेळ ते भिंतीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘सून धोतर बदलते.’ त्या आठवड्यापासून त्यांच्या पुतण्याने सकाळ-संध्याकाळ यायचे ठरवले, आणि मरणाची भाषा थांबली. हे सांगताना दुसऱ्याही एका रुग्णाविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर ते खोटे होईल. दादरच्या एका बाईंची वेदना आम्ही पूर्ण आटोक्यात आणली होती, घरचे सगळे हातांवर झेलत होते, तरी त्या शेवटच्या दिवसापर्यंत शांतपणे म्हणत होत्या की मला हे असले जगणे नको आहे. त्यांना मी काही देऊ शकले नाही.

त्या बाईंमुळेच या वादाकडे मी हलक्याने पाहत नाही. इच्छामरणाची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद केवळ वेदनेचा नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून असा कायदा लागू आहे: दोन डॉक्टरांनी सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरल्याचे सांगितले तर रुग्णाला औषध लिहून मिळते आणि ते त्याने स्वतःच्या हाताने घ्यायचे असते. तिथे हे औषध मागणाऱ्यांनी दिलेल्या कारणांत वेदना वरच्या क्रमांकावर नाही. स्वतःवरचा ताबा जाणे, आवडीचे काही करता न येणे, प्रतिष्ठा गमावणे ही कारणे वर आहेत. म्हणजे ‘उपशामक उपचार चांगले द्या, मग कोणी मरण मागणार नाही’ असे आम्ही डॉक्टर म्हणतो ते अर्धेच खरे आहे. आयुष्यभर स्वतःचे निर्णय स्वतः घेतलेल्या माणसाला नेमका शेवटचा निर्णय का घेऊ द्यायचा नाही, याचे उत्तर विरोध करणाऱ्यांनी दिले पाहिजे.

मी विरोध करणाऱ्यांत आहे, तेव्हा माझे उत्तर देते. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ साली असे कायदे लागू झाले. कॅनडाने २०१६ मध्ये कायदा केला तेव्हा मरण नजीकच्या काळात येणार असल्याची अट होती, आणि २०२१ मध्ये ती काढून टाकण्यात आली. आखलेली रेघ पुढे सरकते, हे तिथे दिसले. तरीही मला त्याहून मोठी अडचण आपल्या घरांत दिसते. दोन खोल्यांत पाच माणसे, नातवाची दहावी, मुलीची रजा संपलेली, औषधांची बिले गादीखाली ठेवलेली, आणि हे सगळे त्या खाटेवरून आजाऱ्याला दिसत असते. आपल्याकडचा म्हातारा माणूस ‘मला त्रास सहन होत नाही’ असे क्वचित म्हणतो. ‘तुम्हाला किती त्रास’ असे म्हणतो. त्याने सही केलेल्या अर्जात त्याची इच्छा किती आणि घरच्यांची ओढाताण किती, हे कोणते वैद्यकीय मंडळ वेगळे करून दाखवेल? ज्या शहरात मॉर्फिनची गोळी कपाटातून बाहेर यायला भावाची परवानगी लागते, तिथे मरणाचे औषध आधी उपलब्ध करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आईंना सांगा की कानांवरचे हात काढा आणि बाबांजवळ बसा. त्यांना विचारायचे आहे ते तुम्ही एकट्याने विचारू नका.

प्रश्न : मी माटुंग्याच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकते. व्हेंटिलेटर काढणे कायद्याला चालते आणि इंजेक्शन चालत नाही. दोन्हीत हेतू तोच आणि परिणामही तोच. उलट व्हेंटिलेटर काढल्यावर रुग्ण जास्त वेळ तडफडतो. मग ‘निष्क्रिय’ आणि ‘सक्रिय’ हा फरक निव्वळ शब्दच्छल नाही का?

उत्तर : तुमचा आक्षेप जुना आणि भक्कम आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी १९७५ मध्ये तो नेमका याच शब्दांत मांडला होता की मरू देणे हे मारण्यापेक्षा आपोआप कमी वाईट ठरत नाही, आणि कधीकधी ते अधिक क्रूर असते. ‘मी काही केले नाही’ या वाक्यामागे डॉक्टरांनी लपू नये, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

तरीही फरक उरतो, आणि तो डॉक्टरच्या हातात नसून रुग्णाच्या हक्कात आहे. माझ्या घशात नळी घालू नका, असे म्हणण्याचा अधिकार मला धडधाकट असतानाही आहे आणि मरणाच्या दारातही आहे. तो माझ्या अंगाला कोणी माझ्या मर्जीविरुद्ध हात लावू नये याचा अधिकार आहे. मला मारा, असे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार त्यातून निघत नाही, कारण तिथे दुसऱ्या माणसावर काहीतरी करण्याचे बंधन येते. आपली न्यायालये या प्रश्नावर बरीच हेलकावली आहेत. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानणारे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच केले, आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते उलटवून सांगितले की जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क नाही. मात्र सन्मानाने जगण्याच्या हक्कात नैसर्गिक मरणाचा शेवटचा टप्पा सन्मानाने पार करणे येऊ शकते, असेही त्याच निकालात होते. बरे न होणाऱ्या रुग्णाचा जीवनाधार नाकारण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने पुढे त्याच वाक्याचा आधार घेतला.

या चर्चेत मुंबईत हटकून निघणारे नाव अरुणा शानबाग यांचे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली, आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांना मरू द्यावे म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्याच निकालाने जीवनाधार काढण्यास, उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर, देशात पहिल्यांदा वाट करून दिली. पण ज्यांच्या नावाने इच्छामरणाची बाजू मांडली जाते, त्या अरुणा शानबाग याचिकेच्या वेळी व्हेंटिलेटरवर नव्हत्या, आणि त्यांची इच्छा काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. इच्छा माहीत होती ती त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांची, आणि त्यांचे म्हणणे होते की आम्ही सांभाळू. पिढ्या बदलल्या, ज्या मुली १९७३ मध्ये जन्मलेल्याही नव्हत्या त्यांनी त्यांना भरवले, कूस बदलली, आणि इतक्या वर्षांत पाठीला व्रण होऊ दिले नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्याला या वाक्याचे वजन कळेल. त्यावरून ‘म्हणून इच्छामरण नको’ असा निष्कर्ष मी काढत नाही, कारण अशी सेवा प्रत्येकाच्या नशिबी नसते. पण न्यायालयाने त्या परिचारिकांचे ऐकले, ते मला योग्य वाटते.

तडफडण्याविषयी तुम्ही लिहिले आहे, त्याचे उत्तर देणे मला भाग आहे. व्हेंटिलेटर काढण्याआधी मॉर्फिन आणि झोपेचे औषध देऊन श्वासाची घुसमट आधी शमवायची असते, नळी नंतर काढायची असते. रुग्ण तडफडला असेल तर तिथे काम नीट झाले नाही.

एका ठिकाणी माझा युक्तिवाद अपुरा पडतो. मोटर न्यूरॉनच्या आजारात माणूस पूर्ण शुद्धीत असतो, यंत्रावर नसतो, हातापायांतली ताकद महिन्या-महिन्याने जात असते. त्याच्याकडे नाकारण्यासारखे काहीच नसते. ज्याच्या नाकात नळी आहे त्याला कायदा दार उघडून देतो आणि याला म्हणतो, तू थांब. अगदी शेवटच्या दिवसांत आम्ही गाढ झोप देऊ शकतो, पण तोवरची वर्षे? तुम्ही पुढे या विषयावर काम करणार असाल तर या रुग्णापासून सुरुवात करा.

प्रश्न : मी ठाण्यात राहणारा निवृत्त शिक्षक, वय ७८. विनोबांनी अन्नपाणी सोडून देह ठेवला, त्याला आपण आत्महत्या म्हणत नाही. मलाही शेवटी नळ्या नकोत. त्यासाठी कागद करता येतो असे ऐकले. तो कसा करावा, आणि तो करणे म्हणजे आत्महत्येची तयारी नव्हे ना?

उत्तर : गुरुजी, नव्हे. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला आजारपणात अन्न आणि औषध घेणे थांबवले आणि १५ तारखेला ते गेले. त्याआधी १९६६ मध्ये दादरला सावरकरांनीही प्रायोपवेशन केले होते. जैन समाजातल्या सल्लेखनेला, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून देह ठेवण्याला, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आत्महत्या ठरवले, तेव्हा त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आपल्या परंपरेत जीवन संपवणे आणि जीवनाची पकड सोडणे यांत भेद केलेला आहे आणि मला तो मान्य आहे. तुमचा कागद मात्र याहून साधा आहे. त्यात अन्नपाणी सोडायचे नसते, फक्त बरे होण्याची आशा संपल्यावर कोणते उपचार नकोत एवढेच लिहायचे असते. मुंबईत मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली, तेव्हापासून ही मागणी होती.

या कागदाला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर तो करणे पुष्कळ सोपे झाले आहे. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सही करावी लागे. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले की पुरते. तुम्हाला बोलता येणार नाही तेव्हा तुमच्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावे लिहायची. एकापेक्षा अधिक चालतात. एक प्रत घरी, एक फॅमिली डॉक्टरकडे, आणि एक स्थानिक पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. हे अधिकारी नेमलेच जात नव्हते, म्हणून मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावे लागले. मन बदलले तर कागद लेखी रद्द करता येतो. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा रुग्णालयाचे तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि त्यानंतर दुय्यम मंडळ, दोघांचे एकमत लागते, आणि प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते.

‘मला सुखाने मरू द्या’ असे मोघम लिहू नका. व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणे, नळीने अन्न, यांतले काय नको आणि कोणत्या परिस्थितीत नको, ते एकेक करून लिहा. वेदनेवरचे औषध मात्र कोणत्याही परिस्थितीत हवे, हेही लिहा. आणि मुलांना समोर बसवून वाचून दाखवा. परदेशातून विमानाने आलेला मुलगा तिसऱ्या दिवशी ‘सगळे करा’ म्हणतो आणि नोटरीचा शिक्का बाजूला राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : माझे मेहुणे भांडुपच्या बाजूच्या एका खाजगी रुग्णालयात ११ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. आशा नाही असे डॉक्टर म्हणतात. पैसे संपले. ‘डामा घ्या आणि घरी न्या’ असे काउंटरवर सांगितले. हे तेच का, ज्याला कायद्याने परवानगी दिली आहे?

उत्तर : नाही. ‘डामा’ म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध तुम्ही रुग्णाला नेत आहात असे तुमच्याकडून लिहून घेणे. इथे तर सल्लाच ते देत आहेत आणि जबाबदारीची सही तुमची. या शहरात असे किती जण रुग्णवाहिकेत, नातेवाईक हाताने श्वासाचा फुगा दाबत असताना जातात, त्यांची कुठे नोंद होत नाही. इच्छामरणाच्या सगळ्या चर्चेत मला याची सर्वांत जास्त चीड येते, कारण इथे निर्णय बिलाने घेतलेला असतो.

सही करू नका. आशा नाही असे डॉक्टरांचे मत असेल तर ते लेखी मागा आणि प्राथमिक मंडळ बसवा असे अर्ज करून सांगा; लिव्हिंग विल नसले तरी कुटुंबाच्या संमतीने ही प्रक्रिया होते. दरम्यान पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात खाट मिळते का, ते बघा. आणि दोन्ही मंडळांच्या संमतीनंतर घरीच न्यायचे ठरले, तर रुग्णवाहिका निघण्यापूर्वी तीन गोष्टी हातात असू द्या: घुसमटीवरचे औषध आणि ते कसे द्यायचे याची चिठ्ठी, रात्री फोन उचलतील अशा डॉक्टरांचा क्रमांक, आणि घरी मृत्यू झाल्यास दाखला कोण देणार त्याचे नाव. हा दाखला नसेल तर स्मशानात अडवतात, आणि पहाटे चार वाजता डॉक्टर शोधत फिरण्याची वेळ तुमच्या बहिणीवर येते.